कार्टच्या बंद ट्रेलरची आतली मांडणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेसचा गो-कार्ट न्यायला बंद ट्रेलर घेतला की पहिला आठवडा त्यात काय काय बसवायचं या उत्साहात जातो. नंतरची दोन वर्षं चुकीच्या जागी बसवलेलं काढण्यात जातात. मी तीन ट्रेलर आतून उभे केले आहेत, आणि त्यातले पहिले दोन पुन्हा उसवावे लागले. लोक मला जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

रिकामा ट्रेलर दारात उभा आहे. सुरुवात कुठून करू?

ड्रिल हातात घेण्याआधी मास्किंग टेप घ्या. कार्ट आत ढकला, रेसला जाताना तो जसा उभा राहील तसाच उभा करा आणि त्याच्याभोवती जमिनीवर टेपने चौकट आखा. टूलबॉक्स, टायर, इंधनाचे कॅन, जनरेटर, स्टँड या सगळ्यांच्याही चौकटी आखा. कपाटाची खोली दाखवायला भिंतीलगत पुठ्ठ्याची खोकी रचा. आता एकदा कार्ट बाहेर काढून परत आत घ्या. पहिल्या फेरीतच निदान दोन खोकी पडतील, आणि ती जिथे पडली तिथे कपाट बसवायचं नाही हे पक्कं कळेल.

जमलं तर एक रेस अशीच, नुसत्या पट्ट्यांनी सामान बांधून करा. ट्रॅकवर पोचल्यावर पहिल्या तासात कोणत्या वस्तूला किती वेळा हात लागला ते कागदावर लिहा. टायरमधली हवा मोजायचं गेज, १० आणि १३ चे पाने, ६ चा ॲलन की, चेनचं तेल, लॅपची वेळ नोंदवणारा ट्रान्सपाँडर. माझी यादी साधारण अशी निघाली, आणि यातलं सगळं एका खणात मावतं. तो खण बाजूच्या दाराशी हवा. बाकीचं कुठेही गेलं तरी चालतं.

दोन कार्ट न्यायचे तर किती मोठा ट्रेलर लागतो?

मोठ्यांचा कार्ट मागच्या बाजूला जास्तीत जास्त १.४ मीटर रुंद असतो. लांबी बंपर धरून साधारण १.८ ते २ मीटर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १.०१ ते १.०७ मीटर असतं, पण मांडणीसाठी तुम्हाला लागते ती एकूण लांबीच.

१४ फुटी ट्रेलरची आतली लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास भरते. त्यात दोन कार्ट एकामागे एक उभे केले की उरतं एखादं पाऊल. बाकी सामान मग भिंतींवर जाणार, नाहीतर एक कार्ट वर जाणार. एक कार्ट आणि प्रशस्त कामाची जागा हवी असेल, तर हाच ट्रेलर सुखाचा वाटतो.

मोजताना आतली रुंदी मोजून थांबू नका. मागच्या दाराची चौकट आतल्या रुंदीपेक्षा अरुंद असते. लहान, ५ फुटी रुंदीच्या ट्रेलरमध्ये ती कधीकधी कार्टच्या मागच्या चाकांपेक्षाही कमी भरते, आणि मग दर वेळी कार्ट कलता करून आत घ्यावा लागतो. ८.५ फुटी रुंद ट्रेलरमध्ये ट्रेलरच्याच चाकांवरच्या पेट्या आत येतात. त्या कपाटाखाली जातील अशी मांडणी करा.

वजनाचा एवढा बाऊ कशासाठी? कार्ट तर हलका असतो.

कार्ट हलका असतो, म्हणूनच. चालक धरला नाही तर कार्ट ७० ते १०० किलोंचा. त्याच्याभोवती आपण जे रचतो ते भारी असतं. १८ मिमीच्या प्लायवूडचं ८ बाय ४ चं एक पान ३० किलोंच्या पुढे जातं. चार पानांची कपाटं केली की एक मोठा कार्ट आणखी चढला असं समजा, आणि अजून त्या कपाटांत एकही पाना ठेवलेला नाही. २० लिटर पाणी म्हणजे २० किलो, २० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण १५ किलो. मी कपाटांना १२ मिमीचं प्लाय वापरतो आणि पाठीमागचा पत्रा लावतच नाही, भिंत असतेच.

माझ्या पहिल्या ट्रेलरमध्ये टूलचं मोठं कपाट मागच्या दाराला चिकटून होतं. हाताशी येतं म्हणून ठेवलं होतं. महामार्गावर उतारावर ट्रेलर शेपूट हलवायला लागला. एक झोका, मग दुसरा त्याहून मोठा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग सरळ धरलं, म्हणून सावरलो. दुसऱ्याच दिवशी कपाट उचकटून पुढे आणलं.

जड वस्तू एक्सलच्या वर किंवा थोड्या पुढे, आणि जमिनीलगत. हलक्या वस्तू, म्हणजे हेल्मेट, सूट, बॉडीवर्क, पुढे-मागे आणि वर. डावी-उजवी बाजूही तोलायला विसरू नका. सगळी कपाटं एकाच भिंतीला लावली तर एका बाजूचे टायर कायम जास्त भार वाहतात.

गाडीच्या हुकवर किती भार आला पाहिजे, आणि तो घरच्या घरी कसा मोजायचा?

उत्तर अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर असावा असं धरतात. युरोपात गाड्यांची हुकवरची मर्यादाच कमी असते, तिथे ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. तुमच्या गाडीची आणि हुकची मर्यादा पाटीवर छापलेली असते, आणि शेवटचा शब्द तिचाच.

मोजायला माणसांचा वजनकाटा पुरतो. एक मजबूत फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर, दुसरं वजनकाट्यावर, दोन्ही आधारांमध्ये ३ फूट अंतर, फळी आडवी सपाट. ट्रेलरची चाकं दोन्ही बाजूंनी अडवा. नुसत्या फळीचा आकडा आधी टिपून ठेवा. मग ट्रेलरचा पुढचा पाय विटेपासून १ फुटावर, म्हणजे काट्यापासून २ फुटांवर, फळीवर टेकवा. ट्रेलर या वेळी सपाट उभा हवा. काट्यावरच्या आकड्यातून फळीचा आकडा वजा करा आणि उरलेल्याला ३ ने गुणा. काटा ४० किलो दाखवत असेल तर भार १२० किलो.

हे मोजमाप ट्रेलर पूर्ण भरलेला असताना करायचं: इंधन, पाणी, टायर, सगळं आत. कपाटं कायमची बसवण्याआधी एकदा आणि नंतर एकदा.

कार्ट नेमका कुठे आणि कसा बांधायचा?

यावर मी सविस्तर लिहितो, कारण बांधण्यातल्या चुकीची किंमत थेट ट्रॅकवर मोजावी लागते.

रस्त्यावरच्या मालाच्या बांधणीचे नियम सहसा असं धरतात की ब्रेक लागल्यावर वस्तू आपल्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे ओढली जाते, आणि बाजूला व मागे ०.५ पट. ८० किलोंच्या कार्टला हा पुढचा जोर ६४ किलोंएवढा. २५ मिमीचे चार साधे पट्टे हे सहज पेलतात. अडचण निराळीच असते. कार्टला सस्पेन्शन नाही. खड्ड्यातून जाताना त्याचे मऊ टायर दबतात, दबले की पट्टा क्षणभर सैल होतो, आणि सैल झालेला हूक कडीतून निसटतो. त्यावर उपाय म्हणून माणूस पट्टा ताणायचं दातेरी रॅचेट आणखी आवळतो, आणि तिथेच कार्टचं नुकसान होतं.

माझंच सांगतो. एकदा घाईत पुढचा पट्टा टायरॉडवरून, म्हणजे पुढचं चाक वळवणाऱ्या दांडीवरून, गेला आणि मी तो करकचून आवळला. सकाळी पहिल्या सरावात कार्ट सरळ रेषेत एका बाजूला ओढत होता. मी टायर बदलले, हवा बदलली, पुढची रुंदी बदलली, पूर्ण सकाळ गेली. दुपारी कोणीतरी चाकांची दिशा तपासायचं लेझर लावून पाहिलं, तेव्हा डावं चाक बाहेर वळलेलं आणि टायरॉडला बारीकसा वाक. बोट फिरवल्यावर कळत होता, डोळ्यांना दिसत नव्हता.

तेव्हापासूनची पद्धत अशी. पट्टा फक्त चॅसीच्या मुख्य नळीला, आणि तोही मऊ कापडी फास टाकून. लोखंडी हूक नळीला लागू द्यायचा नाही. टायरॉड, स्टिअरिंगची कांडी, ब्रेकची नळी, साइडपॉडचे बार, सीटचे टेकू यांच्यावरून पट्टा जाता कामा नये. चारही पट्टे तिरपे, बाहेरच्या दिशेला, म्हणजे पुढचे पुढे ओढतात आणि मागचे मागे. चॅसीच्या नळ्यांखाली रबर चिकटवलेले लाकडी ठोकळे सरकवा, म्हणजे ओढ टायरवर न येता ठोकळ्यांवर येते आणि पट्टा सैल होत नाही. कार्टसाठी मी रॅचेटपेक्षा दाबाचं बकल पसंत करतो. हाताने ओढून जेवढं घट्ट होतं तेवढं पुरे. रॅचेट जनरेटर आणि टूलबॉक्ससाठी राखून ठेवा.

प्रवासाला जुने टायर चढवा. रेसचे टायर पिशवीत गुंडाळून वेगळे.

जमिनीत कड्या कशा बसवाव्यात? नुसत्या स्क्रूने चालेल का?

नाही. जमिनीचं प्लायवूड साधारण १८-१९ मिमी जाड असतं, आणि त्यात घातलेला लाकडाचा स्क्रू वर ओढला गेला की सैल व्हायला लागतो. खाली वाकून चॅसीचे आडवे बार कुठे आहेत ते पाहा. पट्ट्यांची रेल, म्हणजे कड्या अडकवायची लांब पट्टी, बारावर येईल अशी बसवा आणि बोल्ट त्या बारातून घ्या. जिथे बार येत नाही तिथे आरपार बोल्ट टाका आणि खाली रुंद लोखंडी पट्टी द्या, नुसता वायसर पुरत नाही. पट्ट्याच्या पाटीवर जो भार लिहिलेला असतो तो रेलच्या स्क्रूंना लागू होत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

लांब रेल बसवल्या तर कड्यांच्या जागा नंतर बदलता येतात. मुलगा मोठा होतो, लहान चॅसीची जागा मोठी घेते, सिंगल स्पीडच्या जागी गिअरवाला येतो. दोन समांतर रेल पूर्ण लांबीच्या घातल्या की पुढची काही वर्षं भोक पाडायला लागत नाही.

प्रत्येक भोकात सीलंट भरा. चाकांनी उडवलेलं पाणी खालून प्लायच्या कडेत शिरतं आणि तिथूनच लाकूड कुजायला सुरुवात होते.

भिंतींवर कपाट आणि शेल्फ लावताना काय सांभाळायचं?

बाहेरचा पत्रा फार पातळ असतो, बहुतेक ट्रेलरमध्ये पाऊण मिलिमीटरच्या आसपास. आतली फळी ९-१० मिमीची, आणि मध्ये पोकळ खांब. स्क्रू जरा लांब झाला की त्याचं टोक बाहेरच्या रंगाला फोड आणतं. म्हणून ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोलीची खूण करा.

खांब शोधायचे तर लोखंडी असल्यास चुंबक फिरवा, ॲल्युमिनियमचे असल्यास बाहेरच्या रिव्हेटची रांग पाहा. ते बहुतेक १६ किंवा २४ इंचांवर असतात. एकदा सापडले की छताजवळ पेन्सिलीने सगळ्यांची खूण करून ठेवा, पुढे दहा वेळा लागते. जड कपाटाला खांबात रिव्हनट, म्हणजे रिव्हेटसारखा बसणारा आट्यांचा नट, टाकून बोल्ट मारा. शिवाय कपाटाचा भार जमिनीवर टेकला पाहिजे, भिंतीने त्याला फक्त पडू द्यायचं नाही.

खणांना चुंबकाची कुलुपं लावू नका. पहिल्याच वळणावर खण बाहेर येतो. दाबून किंवा उचलून उघडणारा खटका हवा.

दुसरा कार्ट उभा ठेवला तर? किंवा वरच्या मजल्यावर?

उभा, म्हणजे मागच्या बंपरवर नाक वर करून, जागा वाचवायचा सगळ्यात सोपा मार्ग. पण आधी आतली उंची मोजा. कार्ट २ मीटरच्या जवळ जातो आणि पुष्कळ ट्रेलर आतून तेवढे उंच नसतात. टाकी रिकामी करा. फ्लोट असलेल्या कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून टाका. डायफ्रामवाल्याला फ्लोटची वाटी नसते, त्यामुळे त्याला कमी त्रास. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँककेसमधलं ऑइल नको तिथे जाऊ शकतं, आणि गिअरवाल्या इंजिनाचं ऑइल व्हेंटमधून गळू शकतं. या दोघांना मी उभं ठेवत नाही.

वरचा मजला करायचा तर विंचने उचला, पण प्रवास विंचच्या दोरावर करू नका. चारही कोपऱ्यांत पोलादी पिन बसल्या पाहिजेत आणि मग दोर ढिला सोडला पाहिजे. वर हलका कार्ट, खाली जड.

पेट्रोल आत ठेवलं तर चालेल का?

कमीत कमी ठेवा, आणि जागा विचार करून निवडा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती खाली बसते आणि जमिनीवरून पसरते. थंडीतही ती पेट घेऊ शकते, कारण पेट्रोलचा ज्वलनबिंदू उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. नुसता छतावरचा झरोका त्यामुळे पुरेसा नाही. जमिनीलगत दोन समोरासमोरच्या भिंतींवर जाळीदार झरोके हवेत, आणि वरचाही हवा.

कॅन इंधनासाठी बनवलेलाच घ्या, झाकण घट्ट, आणि तो उभा बांधा. कॅन भरताना ट्रेलरच्या आत भरू नका. खाली जमिनीवर ठेवून भरा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी टळते. इंधनाच्या कोपऱ्यात इन्व्हर्टर, चार्जर, पंप, स्विच यातलं काहीही नको. ट्रॅकवर पोचल्यावर दार उघडून दोन मिनिटं थांबा, मग दिवा लावा.

कोरड्या पावडरचा अग्निशामक बाजूच्या दाराच्या चौकटीला, आत शिरण्याआधी हाताला लागेल असा. दुसरा मागच्या दाराशी. टोकाच्या कोपऱ्यात लावलेला अग्निशामक आग लागल्यावर आगीच्या पलीकडे राहतो.

जनरेटर आत चालवू नका. दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दिवे आणि वीज कशी करावी?

छतावर १२ व्होल्टच्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या, दोन समांतर रांगांमध्ये. एकच रांग मध्यभागी लावली तर कार्टवर वाकल्यावर आपलीच सावली इंजिनावर पडते. बाहेर रॅम्पवर एक दिवा हवाच, संध्याकाळी सामान भरताना त्याचं मोल कळतं.

वायर जाड घ्या. ५ अँपिअर भार ६ मीटर दूर न्यायचा, तर जाता-येता १२ मीटर तांबं. १ चौरस मिमीच्या वायरीत त्यातले सुमारे १ व्होल्ट वाटेतच जातात, २.५ चौरस मिमीच्या वायरीत ०.४ व्होल्ट. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. पत्र्यातून किंवा खांबातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, नाहीतर थरथरीने आवरण कापलं जातं.

हवा भरायचा कॉम्प्रेसर बॅटरीवर चालवायचा मोह होतो. १००० वॉटचा कॉम्प्रेसर इन्व्हर्टरवर घेतला तर १२ व्होल्टच्या बाजूला ८३ अँपिअर, आणि इन्व्हर्टरमधली गळती धरली की शंभरच्या जवळ. तो बाहेरच्या विजेवरच चालवा. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी पडते, पण शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नसतं.

जमिनीला काय लावावं?

कड्या बसवण्याआधी रंग किंवा इपॉक्सी, कडांसकट. कोरं प्लायवूड चेनचं तेल आणि पेट्रोल पितं, आणि वास वर्षभर जात नाही. वर रबरी चादर घातली तर कामाला बरं वाटतं, पण तिच्याखाली ओल साचते, म्हणून ती उचलता येईल अशी ठेवा. चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा दिसतो छान. पावसात बूट त्यावर घसरतात, आणि रॅम्पवर तर तो अजिबात नको. तिथे खरखरीत पट्ट्या लावा.

टायर कुठे?

एक्सलजवळ, भिंतीवर दोन आडव्या नळ्यांच्या रॅकवर, पट्ट्याने बांधून. मागच्या दाराशी उन्हात नको. जनरेटर किंवा विजेच्या मोटारीशेजारीही नको, ओझोनमुळे रबर तडकतं. पावसाळी टायर ओले ठेवले तर आतल्या पत्र्यावर रात्रीत पाणी धरतं आणि बेअरिंगची पेटी गंजते. आधी पुसा, मग ठेवा.

कामाचं टेबल हवं का?

घडीचं असेल तर हो. उंची कमरेच्या आसपास, साधारण ९० ते ९५ सेंमी. व्हाइस खांबाला किंवा जमिनीवर टेकलेल्या पायाला जोडा, नुसत्या घडीच्या फळीला जोडला तर बिजागऱ्या उचकटतात. इंजिन खोलण्याचं काम ट्रेलरमध्ये होईल असं समजून मोठं टेबल बांधलेले ट्रेलर मी पाहिले आहेत. सगळे जण शेवटी बाहेर छताखाली, स्टँडवरच काम करतात, कारण तिथे कार्टच्या चारही बाजूंनी फिरता येतं.

ट्रेलरमध्ये झोपलं तर?

पेट्रोल आणि झोप एका खोलीत नको.

सगळं बसवून झालं. पहिल्या प्रवासात काय बघू?

निघण्याआधी ट्रेलरच्या टायरमधली हवा थंड असताना मोजा आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असूनही उभ्या उभ्या म्हातारे झालेले टायर ट्रेलरलाच जास्त असतात.

पहिल्या २०-२५ किलोमीटरांवर थांबा. मागचं दार हळू उघडा, कारण काही सुटलं असेल तर ते दारालाच टेकलेलं असेल. प्रत्येक पट्टा बोटाने ओढून बघा. खणांचे खटके बघा. भिंतीवरच्या बोल्टवर आधीच पेनने रेघ मारलेली असेल, तर बोल्ट फिरला की नाही हे एका नजरेत कळतं. चाकांच्या हबला हात लावा. एक हब बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक बघायला हवा. साधारण ८० ते १५० किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.

मग ट्रॅकवर पोचा, कार्ट उतरवा आणि टायरॉडवरून एकदा बोट फिरवा.